आखूड दोरी
नवऱ्याची दृष्टी गेल्यापासून तो तिच्याबरोबर पळायचा, दोघांच्या मनगटांना आखूड दोरी बांधून. आजच्या शर्यतीत डावीकडे तळं, उजवीकडे जाळी. बाहेर पडायची वाट थेट शेवटच्या रेषेपाशी. तिच्या जुन्या गटातल्या मैत्रिणी झरझर पुढे गेल्या. “काय गं, गोगलगायीशी गाठ बांधलीस?” एकीने टोमणा मारला. तिचे पाय शिवशिवले, दोरीला हिसका बसला. “कंटाळलीस?” त्याने विचारलं. “छे. तुम्हाला पळायची हौस, म्हणून येते मी.” “मला कसली हौस? गुडघे माझ्या नावाने शंख करतात. तुझं पळणं सुटू नये म्हणून मी येतो.” “मग थांबायचं?” “थांबून जाणार कुठे? रेटू कसंबसं. पुढच्या वेळी तू एकटी पळ. मी रेषेपाशी बसेन, हजारांतून तुझं पाऊल ओळखेन.” “पुढे खड्डा आहे, जपून,” ती म्हणाली. रस्ता सपाट होता. तिला वेग कमी करून डोळे पुसायचे होते.