खुणेच्या आत

शिरूरहून परत आल्यावर प्रभुदासांनी शर्ट काढून खुंटीला लावला, लुंगी नेसली आणि पंख्याखाली खुर्ची ओढली. मोजे मात्र काढले नाहीत.

लिडियानं ते पाहिलं. दौंडचा एप्रिल, डोक्यावर पत्रा, आणि वडील घरात मोजे घालून बसलेले. पहाटे शिरूरच्या कबरस्थानात ईस्टरची उपासना झाली, तेव्हाही ते आईच्या कबरीपाशी उभेच राहिले होते. बाकी सगळे गुडघ्यांवर. गुडघे टेकले की पायाची बोटं मुडपतात, हे तिच्या ध्यानात आलं परतीच्या एसटीत.

"अंगठा कसा आहे, पप्पा?"

"बरा हाय."

"डॉक्टरांना दाखवला?"

"दाखवला की. शुक्रवारी."

"गुड फ्रायडेला? उपासना सोडून?"

"सोडून कशाला? दुपारनंतर गेलो."

"दवाखाना उघडा होता?"

"व्हता." प्रभुदासांनी पंख्याकडे पाहिलं. "पाणी लावू नका म्हनले."

ईस्टरच्या आधी कबरींना चुना देतात. यंदा आईच्या कबरीला प्रभुदासांनी स्वतः दिला. तेव्हा कडेचा दगड निसटून उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडला. हे लिडियाला पुण्यात कळलं, तेही शेजारच्या रिक्षावाल्या महेंद्रकडून. त्यावर फोन केला तर म्हणाले, खरचटलंय. वडिलांना साखरेचा आजार होता. त्यांचं 'खरचटलंय' ऐकल्यापासून तिला त्यांच्या कुठल्याच शब्दाचा भरवसा वाटेनासा झाला होता.

ती परसात वाळलेले कपडे काढायला गेली. तारेवर पांढरे मोजे होते, चर्चला जाताना घालायचे. प्रत्येक जोडीतल्या एका मोज्यावर निळा डाग होता, धुवूनही न गेलेला. पेन गळलं असेल, असं म्हणून तिनं ते गोळा केले. मग थांबली. एका मोज्यावर डाग बोटांपाशी होता. दुसऱ्यावर थोडा वर. तिसऱ्यावर पार पावलाच्या मध्यावर.

आत येऊन ती त्यांच्यासमोर फरशीवर बसली.

"मोजा काढा."

"आधी दोन घास खाऊन घे."

"काढा, पप्पा."

"आईवर गेलीस बघ."

"आई असती तर सांगितलं नसतं. ओढलाच असता."

प्रभुदास हसले, आणि हसता हसताच त्यांनी मोजा उतरवला. पावडरीचा वास आला. त्याच्याखालून दुसरा. अंगठा जांभळा-काळा पडला होता, नख एका बाजूनं सुटलेलं. तिथून लाली पावलावर चढली होती, आणि ती संपत होती तिथं बॉलपेननं आडवी निळी रेघ मारलेली होती. रेघ सरळ होती.

"हे काय?"

प्रभुदास जरा सावरून बसले. रेल्वेत त्यांचा जन्म रूळ तपासण्यात गेला होता. "रुळाला चीर दिसली का लगेच रूळ काढत न्हाईत. चीर जिथं संपती, तिथं रंगाची खूण करायची. गाड्या हळू सोडायच्या. आन् रोज जाऊन बघायचं, चीर खुनंच्या पुढं गेली का. ही बघ. रोज सकाळी बघतो. एक सूत पुढं न्हाई."

"दुखतं?"

"अजाबात न्हाई," ते म्हणाले, आनंदाची बातमी द्यावी तसे. साखरेत पायाची जाणीव जाते, हे लिडियाला ठाऊक होतं.

"आंघोळीला रेघ पुसत असेल."

"पुसती. परत मारतो."

"कुठं?"

"तितंच."

लिडियानं मोजे एकेक करून त्यांच्या मांडीवर ठेवले. आधी बोटांपाशी डाग असलेला. मग त्याच्या वरचा. मग त्याच्याही वरचा.

मागच्या रुळांवरून मालगाडी जायला लागली. ती जाईपर्यंत कुणी बोलत नाही, हा त्या घराचा जुना रिवाज. भांडी थरथरली. प्रभुदास सगळा वेळ मोज्यांकडे बघत होते. गाडी गेली.

"डॉक्टरकडे गेलाच नाहीत ना?"

"तुझ्या आईच्या कबरीच्या दगडानं लागलं व्हतं. त्यानं काय वाईट व्हनार, असं वाटलं."

"आत्ता निघालो तर कदाचित अंगठ्यावर भागेल. अजून थांबलो तर पाय किती जाईल, मला सांगता येत नाही."

"तुझ्या आईला काय झालं व्हतं? खोकलाच ना?" प्रभुदास हळू म्हणाले. "मीच नेली. दवाखान्याच्या पायऱ्या आपल्या पायांनी चढली ती."

लिडिया उठली आणि तिनं महेंद्रला फोन करून रिक्षा दारात लावायला सांगितली. साखरेच्या गोळ्या, आधार कार्ड, पाण्याची बाटली पिशवीत टाकली. ती आवरत असताना प्रभुदास जागचे हलले नाहीत.

बाहेर हॉर्न वाजला.

प्रभुदास उठले. दाराकडे न जाता खुंटीपर्यंत गेले, टाच टेकत. शर्टाच्या खिशातून पेन काढलं आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसले. पेन त्यांनी तिच्यापुढं धरलं.

"निघायच्या आधी रेघ तू मार," ते म्हणाले. "मी मारली का पुढं सरकती."

लिडियानं पेनाचं टोपण काढलं आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला.