घरी भरलेलं काडतूस

"हात काढ! बंदुकीवरचा हात काढ आधी!"

वर्न टकेट ओरडला तशी नेमबाजीच्या मैदानावरची सगळी माणसं बंदुका सोडून मागे सरली. नेवाडातल्या त्या माळावर असं कुणीही ओरडलं तरी ऐकायचं असतं. बाहत्तर वर्षांच्या वर्नचं तर ऐकायचंच. त्याचा भाचा केंडल पन्नास कॅलिबरच्या रायफलीमागे पालथा पडला होता. पेनाएवढं लांब काडतूस त्याने कानाजवळ नेऊन हलवलं होतं, आणि आतली खुळखुळ शेजारी बसलेल्या वर्नलाही ऐकू आली होती.

काळ्या टोकाची, चिलखत फोडणारी गोळी होती ती. तिच्यामागे दारू गळ्यापर्यंत ठासलेली असते, वाजायला जागाच नसते. वर्नने काडतूस हिसकावलं, बाकावरच्या यंत्रात धरून जपून गोळी उपसली आणि दारू तळहातावर ओतली. तांदळाएवढे जाड दाणे हवे होते. ही पिस्तुलाची दारू निघाली, भुकटीसारखी बारीक. ती एकदम पेटून रायफलीचा मागचा तुकडा पोराच्या डोळ्यात घुसला असता. वर्न भाच्याकडे वळला.

"दुसऱ्याने घरी भरलेलं काडतूस झाडायचं नाही, किती वेळा शिकवलंय तुला?"

"तुमचं सोडून, मामा. असंच शिकवलंय."

"मग माझी वापरायला काय धाड भरली होती?"

बायको आल्मा गेल्यापासून वर्नला दुसरा उद्योग नव्हता. आठवडाभर तो काडतुसं भरायचा आणि शनिवारी पेट्या वाटायचा. "काय निशाण साधतात हो तुमची!" असं लोक म्हणाले, की पुढचा आठवडा त्यावर निघायचा.

"कोण हा अकलेचा कांदा?" तो गरजला. "त्याच्या हातात पुन्हा दारूचा डबा देऊ नका. मेला एखाद्याचा जीव घेईल!"

कुणी हसलं नाही. मैदान सांभाळणारी लोर्ना बुटांकडे बघत राहिली. केंडल उठला आणि त्याने काडतुसांची पेटी मामासमोर ठेवली. पेटीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं अक्षर वर्नचं होतं.

वर्न ते पुन्हा पुन्हा वाचत राहिला. केंडलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आम्ही सगळी तोलून बघितली, मामा, वजनं चुकलेली निघाली. हे तर तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच हलवलं. मार्चपासून तुमचं एकही काडतूस कुणी झाडलेलं नाही."