बशी
हात थरथरू लागल्यापासून बाबांनी चहाच्या कपाखालची बशी सोडली होती. तिच्या किणकिणीनं त्यांना ओशाळं वाटे. "तुझं ते आरशांचं काम काय असतं गं?" सुट्टीवर आलेल्या लेकीला त्यांनी विचारलं. तिची कळी खुलली. "अंतराळातून हलक्याशा लहरी येतात, बाबा. त्या टिपायला आम्ही आरसा टांगतो. पण आरशाचा कणन्‌कण स्वतःच्या उबेनं थरथरतो आणि त्या गलक्यात लहर हरवते. म्हणून त्याला गार करायचं." "म्हणजे ऊब गेली की थरथर थांबते?" "जवळजवळ थांबतेच!" ती ठसक्यात म्हणाली. "मग माझीही थांबेल की एक दिवस," बाबा हातांकडे बघत हसले. उठून तिनं कपाटातली बशी त्यांच्या हातातल्या कपाखाली सरकवली. कप किणकिणला. थरथर मोडून काढायचा पगार घेणारी लेक म्हणाली, "वाजू द्या, बाबा. ऐकतेय मी."