जहाजावरची आई

आईला अग्नी इंदुताईलाच द्यावा लागला. तीन दिवस झाले, तरी धाकटा भाऊ विक्की बायकोसोबत युरोपातल्या जहाजावरच होता. मार्सेय, जिनोआ, नेपल्स. रोज नव्या बंदराचे फोटो येत होते. शेवटी आरमोरीत भरदुपारी इंदुताईचं डोकं फिरलं. तिने व्हिडिओ कॉल लावला.

"आई गेली, अन् तू फिरून राह्यला? लाज नाई वाटत तुले?"

"कोन गेली? आई त इथीच आहे," विक्कीने वैतागून फोनचा कॅमेरा डेककडे फिरवला.

तिथे आई उन्हात बसली होती. तिच्या मागे उभी राहून इंदुताईच तिची वेणी घालत होती.

"आई!" इंदुताई फोनवर किंचाळली.

आईने डोळे बारीक करून पाहिलं आणि मागे मान वळवून विचारलं, "इंदू, कोन बाई आहे हे? माह्या पोरावर काऊन चिडून राह्यली?"