दाखवायचं राहिलेलं पत्र

"वकीलसाहेब, किती वाळलात! बाहेर जेवायला घालत नाहीत वाटतं?" डीमिट्रस समोरच्या खुर्चीत बसत म्हणाला. अलाबामातल्या केंद्रीय तुरुंगात त्याची तीन वर्षं सरली होती. अमली पदार्थ विकल्याबद्दल शिक्षा वीस वर्षांची होती.

त्याचा खटला लढवलेले ऑर्विल स्टॉलवर्थ हसले नाहीत. म्हातारबुवांनी टेबलावर एक कागद ठेवला.

"शेवटचा अर्ज शुक्रवारपर्यंत कोर्टात जायला हवा. एकच मुद्दा टिकेल. घटनेनं तुला लायक वकिलाचा हक्क दिलाय. तो तुला मिळाला नाही."

"म्हणजे तुमच्यावर आळ घ्यायचा?"

"हो."

"छे! माझ्या आईच्या शवपेटीला खांदा दिलात तुम्ही. तुमच्या तोंडाला काळं फासून मला नाही सुटायचं."

"आधी वाच."

डीमिट्रसनं ओळींवरून बोट फिरवत वाचलं. खटल्याआधी सरकारी वकिलाचं पत्र आलं होतं. आरोपीनं गुन्हा कबूल केला तर शिक्षा पाच वर्षं. ते पत्र आरोपीला दाखवायला मी विसरलो, असं खाली स्टॉलवर्थांनी शपथेवर लिहून दिलं होतं.

"पाच?"

"पाच."

"पोरगी शाळेत असतानाच घरी गेलो असतो मी."

स्टॉलवर्थ कागदाकडे बघत राहिले. शेजारच्या टेबलावर एक बाई नवऱ्याला मशीनमधल्या सँडविचचं वेष्टन काढून देत होती. पलीकडे पहारेकरी जांभई देत उभा होता.

"विसरलात? तुम्ही?" डीमिट्रस म्हणाला. "माझ्या पोरीचा वाढदिवस अजून एकदाही विसरला नाहीत. दरवर्षी कार्ड येतं."



"विसरलो नव्हतो," स्टॉलवर्थ म्हणाले. "खटला जिंकणार अशी खात्री होती. जिल्हाभर नाव झालं असतं माझं. पत्र दाखवलं असतं, तर तू हो म्हणाला असतास."

"म्हणालोच असतो."

"ठाऊक होतं मला."

"मग इथं विसरलो का लिहिलंय?"

"त्यानंही तुझं काम होतं. आणि माझी सनद वाचते."

 डीमिट्रसनं कागद उलटा फिरवून त्यांच्याकडे सरकवला. स्टॉलवर्थांनी पेन काढलं. ती ओळ खोडली आणि तिच्यावर बारीक अक्षरात दुसरी लिहिली.  मग त्यांनी कागद त्याच्यापुढं धरला.

डीमिट्रसनं तो घेतला नाही.

"तुम्हीच वाचा."

स्टॉलवर्थांनी चष्मा पुसला. पहिले दोन शब्द त्यांनी वाचले, पण ते त्यांच्या त्यांनाच ऐकू आले असतील.

"मोठ्यानं वाचा, साहेब," डीमिट्रस म्हणाला. "ज्यूरीपुढं बोलायचात ना, तसं."