रिकामा पिंजरा

धुळ्याच्या प्रयोगशाळेत सारिका ज्या सहा उंदरांवर काम करत होती, त्यांच्यातलं एक जनुक काढलेलं होतं. त्यामुळे त्यांना सोबतीची ओढच उरली नव्हती.

चाचणीच्या लांबट पेटीत एका टोकाला अनोळखी उंदराचा पिंजरा होता, दुसऱ्या टोकाला रिकामा. त्या दुपारी सहाही उंदीर, एकामागून एक, रिकाम्या पिंजऱ्याला जाऊन बिलगले.

“भाईदासनाना, आत काही ठेवलंत का?” तिनं देखभाल करणाऱ्या नानांना संशयानं विचारलं.

“नाही ताई, मी हातबी लावला नाही. पेटी, पिंजरे, बठ्ठं तुमीच मांडलं ना!”

तिनं पिंजरा स्वतः घासून धुतला, त्याची जागा बदलली. पुन्हा सोडलेला उंदीर थेट त्याच पिंजऱ्याकडे गेला आणि डोळे मिटून गजांशी मान घासू लागला.

न राहवून सारिकानं गजांतून बोट आत घातलं.

आतून कुणीतरी ते हळूच हुंगलं.