पाच मिनिटं उशिरा

"येत्या गुरुवारी शेवटचं कीर्तन, बुवा. ऐकायला माणूसच नाही," दत्तमंदिराचे अध्यक्ष म्हणाले, आणि सत्तरीचे निफाडकरबुवा चिपळ्या पिशवीत ठेवू लागले.

देवळात आलेल्या शलाकानं ते ऐकलं. गावातल्या देवळांची वेबसेवा तिनंच उभारली होती. कार्यक्रमाच्या नोंदीत काहीही बदललं, की तत्क्षणी भाविकांच्या मोबाइलवर बातमी जाई. मग बुवांचीच का जात नाही? तिनं नोंद उघडली आणि कपाळावर हात मारला. वार तोच, वेळ तीच; बुवांचं वर्षानुवर्षं काही बदललंच नव्हतं!

"बुवा, गुरुवारी पाच मिनिटं उशिरा उभे राहाल?"

"अगं पोरी, उभ्या जन्मात कीर्तनाला उशीर केला नाही मी!"

"म्हणून तर कुणाला कळत नाही!"

बुवा खळखळून हसले. "बरं बाई, देवासाठी तेवढंही करू."

शलाकानं नोंदीतली वेळ पाच मिनिटांनी पुढे सरकवली. गुरुवारी सभामंडप फुलून गेला. नमनालाच बुवा गर्दी बघून थबकले, तेव्हा श्रोत्यांनीच "जय जय रामकृष्ण हरी" उचलून धरलं. आत जागा न मिळालेले अध्यक्ष चपलांच्या ढिगाशेजारी अंग चोरून उभे होते, आणि डोळे मिटून टाळ्या वाजवत होते.